रेवस ते रेडी, ऐन वैशाखात सायकलवर: रोजच्या नोंदी

१२ एप्रिल, तयारी

रेवसहून रेडीपर्यंत कोकण किनाऱ्याने जाणारा रस्ता, म्हणजे सागरी मार्ग, सुमारे पाचशे किलोमीटरचा आहे आणि हिवाळ्यात तो सायकलने करणारे पुष्कळ आहेत. मला व माझ्या आतेभावाला एकत्र सुट्टी मिळते ती मात्र एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या आरंभी. या दिवसांत कोकणात सायकल चालवणाऱ्यांनी लिहून ठेवलेले फार थोडे सापडते, म्हणून पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवत आहे. प्रेक्षणीय स्थळांची वर्णने यात नाहीत. ऊन, घाम, पाणी, मीठ, चढ आणि खाडीवरच्या फेरीबोटी एवढाच विषय आहे.

आज दुपारी चार वाजता गावाबाहेरच्या रस्त्यावर तासभर सायकल चालवून घाम मोजला. निघण्यापूर्वी अंग पुसून वजन केले, ७१.४ किलो भरले. परत आल्यावर पुन्हा अंग पुसून केले, ७०.३ भरले. मधल्या वेळात ४०० मिलिलिटर पाणी प्यायलो होतो. म्हणजे तासाला दीड लिटर घाम गेला. पोट तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी नीट शोषू शकते, त्यामुळे कितीही पाणी बरोबर घेतले तरी दर तासाला अर्ध्या लिटरची तूट साचत जाणार, आणि तीन तासांत ती दीड लिटरवर पोहोचणार. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले की दम टिकत नाही. माझ्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १.४ किलोची आहे. एका बैठकीत तीन तासांपेक्षा जास्त चालवायचे नाही, हा नियम या आकड्यांतून आला आहे.

आतेभाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे. त्याचा घाम तासाला १.८ लिटर निघाला. ताकद त्याच्यात अधिक आहे, परंतु उन्हात अधिक जपावे लागेल ते त्यालाच, हे आकड्यांनी आधीच सांगितले होते.

२० एप्रिल, सराव आणि सामान

शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून रोज संध्याकाळी साडेचार ते साडेपाच असा तासभर सराव चालू ठेवला आहे. आतेभावाला कार्यालयातून उशिरा सुटका होते आणि दिवसभर तो वातानुकूलित खोलीत असतो, त्यामुळे त्याचा सराव जवळजवळ झालेला नाही.

सायकलींची यादी अशी: माझी लोखंडी चौकटीची, ३५ मिलिमीटरचे टायर, रिमला धरणारे ब्रेक. त्याची हलकी, २८ मिलिमीटरचे टायर, ब्रेक तसेच. मागच्या चाकाला सर्वांत मोठी चकती ३२ दात्यांची होती, ती बदलून ३४ दात्यांची बसवून घेतली, कारण कोकणातले चढ लांब नसले तरी उभे असतात आणि खाडी आली की पुन्हा पायथ्यापासून सुरू होतात. साखळीला ओले, म्हणजे न सुकणारे, तेल घातले. खारी हवा साखळीवर लगेच गंज चढवते. ओल्या तेलाला वाळू चिकटते खरी, पण वाळू पुसून काढता येते.

हवा मोजण्यासाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आणि एक साधा तापमापक घेतला. साध्या तापमापकाच्या टोकाला ओल्या सुती चिंधीची पट्टी बांधली. ती वाऱ्यावर धरून जे तापमान दिसते त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात, आणि घाम सुकून शरीर कुठपर्यंत थंड होऊ शकेल याचा तोच खरा अंदाज आहे. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचा आकडा २३ ते २४ अंशांच्या जवळ राहतो. कोकणात हवेचे तापमान ३४ अंशच असले, पण आर्द्रता ६५ टक्के असली, तर तोच आकडा २८ अंशांच्या वर जातो. वर्तमानपत्रात ३४ अंश वाचून कोकणाला सौम्य समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात ४० अंशांची आणि किनारपट्टीवर ३७ अंशांची पायरी धरलेली आहे, ती याच कारणाने.

२७ एप्रिल, रेवस ते मुरूड

पहाटे साडेपाचला रेवस सोडले. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा हा सगळा पट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो आणि सकाळी नऊपर्यंत रस्त्यावर सावली असते. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळावला आलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. तिथून कोर्लई, काशीद, नांदगाव असे चढ-उतार सुरू झाले आणि पहिला धडा तिथेच मिळाला.

साडेदहाच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटला. तो वायव्येकडून येत होता आणि आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो, म्हणजे वारा पाठीमागून होता. वेग वाढला, पायांवरचा भार कमी झाला आणि तरीही दहा मिनिटांत दोघांच्याही अंगावरून घामाच्या धारा लागल्या. सपाटीवर आमचा वेग ताशी १८ किलोमीटर आणि वाऱ्याचाही जवळजवळ तेवढाच, त्यामुळे अंगाला लागणारी हवा जणू थांबलेलीच होती. सायकल चालवताना खर्च होणाऱ्या शक्तीपैकी पाव भागही चाकाला मिळत नाही. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगातच राहते आणि ती घाम सुकूनच बाहेर पडते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण कोपरावरून थेंबाथेंबाने रस्त्यावर गळणारा घाम काहीच घेऊन जात नाही. पाठीमागचा वारा हिवाळ्यात वरदान असतो, मे महिन्यात तो ओझे वाढवतो.

काशीदच्या सुरूच्या बनात अकरा ते साडेतीन थांबलो. सावलीत ३३.५ अंश, आर्द्रता ६६ टक्के, ओल्या फुग्याचा आकडा २८. मुरूडला संध्याकाळी सहाला पोहोचलो.

पाण्याच्या बाटल्यांवर जुने ओले पायमोजे चढवले होते. उन्हात उघडी बाटली ३९ अंशांपर्यंत तापली, पायमोज्यातली ३१ वर राहिली. या दमट हवेत पाणी गार होणार नाही, परंतु गरम चहासारखे लागत नाही आणि म्हणून प्यायले जाते. पायमोजा दर अर्ध्या तासाने भिजवावा लागतो.

२८ एप्रिल, मुरूड ते श्रीवर्धन

आगरदांड्याची पहिली फेरी उजाडल्यावरच सुटते. आम्ही पाच वाजता तयार होतो, पण धक्क्यावर बसून राहण्यात दिवसातला सर्वांत गार वेळ गेला. दिघीला उतरल्या उतरल्या चढ लागला आणि तो चढताना ऊन पाठीवर आले होते. दिवेआगरात दुपार काढली. संध्याकाळचा शेखाडीचा रस्ता समुद्राला लागून असल्याने वारा बाजूने मिळाला आणि श्रीवर्धनला विशेष त्रास न होता पोहोचलो.

रात्रीची नोंद महत्त्वाची आहे. खोलीत रात्री एक वाजता ३० अंश होते आणि वीज दोनदा गेली. आतेभाऊ जेमतेम तीन तास झोपला. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्याने होते.

२९ एप्रिल, श्रीवर्धन ते मंडणगड

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण हा दिवस गंभीर झाला.

बागमांडल्याच्या धक्क्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग होती आणि पहिली बोट भरून गेली. वेश्वीला उतरेपर्यंत साडेनऊ झाले. वेश्वीहून मंडणगडकडे जाणारा रस्ता खाडीच्या काठापासून सुरू होऊन वर चढतो. दोन्ही बाजूंना कापलेला जांभा दगड, त्यामुळे वारा अडलेला, आणि वर आलेल्या सूर्यामुळे कडेच्या झाडांची सावली रस्त्यावर पडत नव्हती. ताशी सहा-सात किलोमीटरच्या वेगाने आम्ही चढत होतो. दोघेही पाणी भरपूर पीत होतो. मी बाटलीत मीठ-साखर घातली होती. आतेभावाला ती चव नकोशी झाल्याने सकाळपासून तो साधे पाणीच पीत होता.

सव्वादहाला तो उतरून सायकल ढकलू लागला. एरवी तो बोलका आहे, पण गेला अर्धा तास प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत होता. हे पहिले लक्षण होते. नंतर त्याने हँडल सोडले, गडग्यावर बसला आणि म्हणाला, “दादा, मला थंडी वाजतेय.” हातांवर काटा आला होता, चेहरा पांढरा पडला होता, मळमळत होते. एवढ्या उन्हात थंडी वाजते असे कोणी म्हणाले की प्रवास त्याच क्षणी संपला असे समजावे.

शंभर पावलांवर एक घर होते. तिथल्या मावशींनी काहीही न विचारता पडवीत चटई टाकली आणि विहिरीचे पाणी काढून दिले. त्याला आडवा केला, पाय वीटभर उंचीवर ठेवले, शर्ट काढला, ओला पंचा मानेवर, काखांत आणि जांघांत ठेवला, आणि मी व त्या घरातला मुलगा सुपाने वारा घालत राहिलो. पाणी ओतण्याइतकाच वारा महत्त्वाचा असतो, कारण अंगावरचे पाणी सुकले तरच उष्णता निघते. पंधरा मिनिटांनी तो माझे नाव, वार आणि गावाचे नाव बरोबर सांगू लागला. बोलण्यात गोंधळ असता, तर तो उष्माघात धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली असती आणि ती येईपर्यंत थंड करणे थांबवले नसते. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि बुद्धीचा गोंधळ ही उष्माघाताची खूण आहे, आणि त्यात घाम थांबलेलाच असतो असे नाही. घाम येत आहे म्हणून धोका नाही असे मानणे चुकीचे ठरते.

टेंपोने मंडणगडला नेले. डॉक्टरांनी तपासले तेव्हा ताप ३८.६ अंश होता आणि रक्तदाब खाली आलेला होता. त्यांनी सलाइन लावले नाही. जलसंजीवनीचे द्रावण घोट घोट पाजायला सांगितले आणि पूर्ण विश्रांती सांगितली. साधे पाणी भरपूर आणि मीठ शून्य, या जोडीमुळे रक्तातले मीठ पातळ होत जाते आणि मळमळ, डोकेदुखी, सुस्ती येते, हे त्यांनीच समजावले.

३० एप्रिल, मुक्काम

दिवसभर मंडणगडला थांबलो आणि योजना नव्याने आखली. आजवर आम्ही खाडीच्या उत्तर काठावर मुक्काम करून सकाळी फेरीबोटीने पलीकडे जात होतो. कोकणातली प्रत्येक खाडी समुद्रसपाटीला आहे आणि धक्का सोडला की रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढू लागतो. पहिली फेरी उजाडल्यावर, दुसरी आणखी उशिरा. म्हणजे दिवसातला सर्वांत कठीण चढ नेमका तापलेल्या वेळात आमच्या वाट्याला येत होता. यापुढे खाडी संध्याकाळीच ओलांडायची, मुक्काम दक्षिण काठावर करायचा आणि पहाटे पाचला अंधारातच चढ सुरू करायचा असे ठरवले. बाकी सगळ्या बदलांपेक्षा हा एक बदल मोठा ठरेल असे मला वाटते, आणि तो करायला पैसे लागत नाहीत, फक्त मुक्कामाची गावे बदलावी लागतात.

पेयाचेही बदलले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण योग्य आहे, पण दिवसाला पाच-सहा लिटर तेच पिणे कोणालाही जड जाते. मावशींनी निघताना कोकमाच्या आगळाची बाटली दिली होती. आगळात मीठ मुळातच असते. ते पाण्यात घालून वर साखर टाकली की आतेभाऊ कुरकुर न करता पितो. मात्र आगळ प्रत्येक घरचे वेगळ्या खारटपणाचे असते, त्यामुळे आधी चव घेऊन मग मीठ घालायचे की नाही ते ठरवावे लागते. त्याशिवाय जलसंजीवनीची तयार पाकिटे दहा घेतली. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती विरघळवावीत, कमी पाण्यात घट्ट करू नयेत.

१ मे, मंडणगड ते हर्णै

सकाळी फक्त उतार आणि सपाटी येईल असा रस्ता निवडला, केळशीमार्गे आंजर्ले. एका शाळेत झेंडावंदन चालू होते, तिथे पाणी भरून घेतले. आतेभावाचे सकाळचे वजन घरच्या वजनापेक्षा ८०० ग्रॅमनी कमी होते, म्हणून सामान मी घेतले आणि त्याने मोकळी सायकल चालवली. आंजर्ल्याच्या पुलावर नऊ वाजता होतो आणि तिथून हर्णै गाठून दिवस संपवला. कमी अंतर, पण असाच दिवस हवा होता.

२ मे, हर्णै ते धोपावे

सकाळी कर्दे, लाडघर, बुरोंडी. दुपार एका देवळाच्या सभामंडपात. कोकणातले सभामंडप दुपारच्या मुक्कामासाठी सर्वांत चांगले, कारण छप्पर उंच, बाजू उघड्या, फरशी गार आणि बहुधा जवळ विहीर असते. पुजाऱ्यांना विचारून मागच्या कोपऱ्यात बसावे, पूजेच्या वाटेत पसरू नये.

संध्याकाळी दाभोळकडे उतरताना आतेभावाच्या पुढच्या चाकाची हवा एकदम गेली. लांब उतारावर सतत दाबलेल्या ब्रेकने रिम इतकी तापली होती की बोट ठेववत नव्हते, आणि ट्यूबवरचे जुने ठिगळ उष्णतेने सुटले होते. सुदैवाने वेग कमी होता. चाक निवायला वीस मिनिटे द्यावी लागली, मग नवी ट्यूब टाकली. उन्हाळ्यात ठिगळ लावलेल्या ट्यूबवर कोकणातले उतार उतरू नयेत. नवी ट्यूब अडीचशे रुपयांना येते. आता आम्ही ब्रेक सतत धरून न ठेवता थोडे जोराने दाबून सोडतो, पुढचा आणि मागचा आळीपाळीने वापरतो आणि मोठ्या उतारात मध्ये एकदा थांबतो. टायरमधली हवाही थोडी उतरवली.

सूर्यास्तानंतर फेरीबोटीने धोपाव्याला आलो. दक्षिण काठावरचा पहिला मुक्काम.

३ मे, धोपावे ते जयगड

पहाटे पाचला दिवा लावून निघालो. चढ संपला तेव्हा सहा वाजले होते आणि सूर्य अजून उगवायचा होता. हवा २६ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. ओल्या फुग्याचा आकडा २५. पहाटे दमटपणा जास्त असतो हे खरे, पण ऊन नसते आणि एकूण भार दुपारपेक्षा कितीतरी हलका असतो. या चढावर आतेभावाने एकदाही पाय टेकला नाही.

गुहागर, पालशेत, वेळणेश्वर असे करत साडेनऊला थांबलो. पोट बिघडू नये म्हणून सकाळी तळलेले काही खात नाही. उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणचे हा न्याहारीचा पदार्थ या कामासाठी आजवर सर्वांत चांगला ठरला आहे: पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच वाडग्यात, आणि दोन तास पोट शांत राहते. बहुतेक खानावळींत तो पाट्यांवर लिहिलेला नसतो, आदल्या रात्री सांगून ठेवावे लागते.

साडेचारनंतर हेदवी आणि तवसाळ. हेदवीच्या पुढचे चढ अवघड आहेत, पण सूर्य उजवीकडे खाली गेला होता. जयगडला दिवेलागणीला पोहोचलो.

४ मे, जयगड ते रत्नागिरी

मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. आरे-वारेचा रस्ता उघडा आहे, एकही झाड नाही, परंतु आम्ही तो पावणेनऊला पार केला होता. साडेनऊला रत्नागिरीत. दिवसाची वजनातली घट मोजली: माझी ९०० ग्रॅम, आतेभावाची १.१ किलो. तुलनेसाठी, २९ एप्रिलला भरपूर पाणी पिऊनही त्याची घट २.३ किलो होती.

५ मे, रत्नागिरीत दुरुस्ती

ब्रेकचे रबर दोन्ही सायकलींचे बदलले. रत्नागिरीत दुकाने आहेत, त्यापुढे मालवणपर्यंत हलक्या सायकलीचे सुटे भाग मिळतील याची खात्री धरू नये. साखळी रॉकेलने धुऊन पुन्हा तेल दिले.

घामोळे हा छोटा वाटणारा त्रास मोठा आहे, म्हणून लिहितो. माझ्या पाठीवर पिशवीच्या पट्ट्यांखाली घामोळे उठले होते. घामोळ्यात घामाची छिद्रे बंद होतात, म्हणजे तेवढी त्वचा शरीर थंड करण्याच्या कामातून बाद होते. पाठीवरची पिशवी काढून सगळे सामान मागच्या कॅरिअरवर बांधले, तेलकट ऊनरोधक मलम सोडून पातळ लांब बाह्यांचा शर्ट घातला आणि दुपारी आंघोळ करून अंग पूर्ण कोरडे होऊ दिले. मांड्यांच्या सांध्यात खोबरेल तेल रात्री नव्हे, तर निघण्यापूर्वी लावायचे.

६ मे, रत्नागिरी ते जैतापूर

इथून पुढे खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे बोटींच्या वेळा सांभाळण्याचे काम संपले आणि सड्यांचे सुरू झाले. भाट्ये, पावस, पूर्णगड, आणि मग वर सडा. राजापूर तालुक्यातला सडा मे महिन्यात पाहण्यासारखा नव्हे, पार करण्यासारखा असतो. जांभ्याचा काळपट लाल कातळ, गवत वाळून गेलेले, विहिरी आटलेल्या, आणि टँकरची वाट पाहणारी पिंपे रस्त्याच्या कडेला मांडलेली. अशा गावांत प्यायला पाणी मागताना संकोच वाटतो आणि वाटलाच पाहिजे. लोक नाही म्हणत नाहीत, पण त्यांनी दिलेला तांब्या त्यांनी डोक्यावरून आणलेला असतो. म्हणून सडा चढण्यापूर्वी खालच्या गावात प्रत्येकी तीन लिटर भरून घेण्याचे ठरवले आणि अंग ओले करण्यासाठी प्यायचे पाणी वापरणे बंद केले.

हँडलवर लावलेला मोबाइल सव्वानऊला तापून बंद पडला. पुढचा फाटा कोणता हे एसटीच्या निवाऱ्यात बसलेल्या आजोबांना विचारावे लागले. तेव्हापासून मोबाइल पिशवीत, आणि दिवसाचे फाटे सकाळी कागदावर लिहून हँडलला बांधायचे.

कशेळीच्या कनकादित्य मंदिरात दुपार काढली. मेच्या या आठवड्यात इथल्या अक्षांशावर सूर्य मध्यान्ही जवळजवळ थेट डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, कारण कोकण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरेच पश्चिमेला आहे. त्याचाच दुसरा अर्थ असा की पहाटेचा गार वेळ आपल्या घड्याळात थोडा अधिक पुढे लांबतो, आणि नऊपर्यंतचा वेळ पुरेपूर वापरता येतो.

७ व ८ मे, जैतापूर ते देवगड, देवगड ते मालवण

पडेलमार्गे देवगड. आंब्याच्या बागा सड्यावरच कातळ फोडून लावलेल्या आहेत, पण त्यांची सावली कुंपणाच्या आत राहते. एका बागेत पेट्या भरणाऱ्या गड्यांनी विचारले, “ह्या उनात खंय चललास?” रेडीला म्हटल्यावर त्यांनी आम्हांला मांडवात बसवले. त्यांचेही काम सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चारनंतर, हे ऐकून आमच्या वेळापत्रकाला आधार मिळाला.

देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल ओलांडून कुणकेश्वर, मिठबाव, आचरा. कुणकेश्वरच्या अलीकडे उत्तरेकडे जाणारे एक सायकलस्वार भेटले. ते रेडीहून निघाले होते. दुपारनंतर वारा त्यांच्या तोंडावर असतो, वेग मंदावतो, पण त्यांचा शर्ट पाठीवर कोरडा होता आणि आमचे पिळून काढण्यासारखे होते. पुन्हा याच दिवसांत यायचे झाल्यास मी रेडीहून निघेन. अंतर रोज दहा किलोमीटर कमी झाले तरी चालेल.

९ मे, मालवण ते वेंगुर्ले

कर्ली खाडी ओलांडून परुळे, चिपीचा सडा. विमानतळाच्या आसपासचा भाग पूर्ण उघडा आहे. सात वाजताच तो मागे टाकला होता. दुपारी वेंगुर्ल्यात ढग आले, ऊन गेले आणि तरीही ओल्या फुग्याचा आकडा आजवरचा सर्वांत मोठा, २८.९, निघाला. वळवापूर्वीच्या ढगाळ दुपारी फसव्या असतात. सावली पाहून निघण्याचा मोह आतेभावानेच आवरला. पाच वाजता आकडा २८ च्या खाली आला, पण तोवर वेंगुर्ल्यातच राहायचे ठरले होते.

१० मे, वेंगुर्ले ते रेडी, सावंतवाडी

शिरोड्याच्या मिठागरांजवळून सकाळी साडेसहाला गेलो. मीठ ओढण्याचे काम चालू होते. १९३० च्या मे महिन्यात याच मिठागरांवर सत्याग्रह झाला होता, म्हणजे तोही याच उन्हात. पुढे रेडीपर्यंत खाणींच्या लाल धुळीचा रस्ता आहे, तोंडाला पंचा बांधावा लागतो. आठ वाजता रेडीच्या गणपतीसमोर सायकली टेकवल्या, आणि ऊन चढण्यापूर्वी सावंतवाडीच्या दिशेने निघालो.

दोघांचा मिळून खर्च: मुक्काम साडेदहा हजार, जेवणखाण साडेसहा हजार, शहाळी व सरबते चौदाशे, जलसंजीवनीची पाकिटे साडेचारशे, ट्यूब, ब्रेकचे रबर व दुरुस्ती अकराशे, टेंपो आणि औषधे नऊशे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असले तरी मीठ फार कमी असते, त्यामुळे त्यावर खर्च करताना ते जलसंजीवनीच्या जागी धरू नये. फेरीबोटींचा खर्च किरकोळ.

सायकली सावंतवाडी स्थानकावर पार्सल म्हणून नोंदवल्या. नोंदणी गाडीच्या वेळेपूर्वी पुष्कळ आधी करावी लागते आणि गोणपाट, सुतळी आपली आपणच न्यावी लागते. स्थानकाबाहेरच्या दुकानात गोणपाट मिळाले नाही, ते बाजारातून आणायला तास गेला. पंप, दिवा, बाटल्या आणि पिशव्या काढून घेतल्या, पायटे म्हणजे पेडल उलटे फिरवून आतल्या बाजूला बसवले आणि दोन्ही सायकलींवर गाडीचा क्रमांक व उतरण्याचे स्थानक जाड अक्षरांत लिहिलेले पुठ्ठे बांधले.